नाव एक, कूळ वेगळं: रेल्वेचा इतिहास आणि जीवसृष्टीची वर्गवारी

डब्ल्यूडीजी-३ए आणि डब्ल्यूडीजी-४ ही भारतीय रेल्वेची दोन डिझेल इंजिनं नावावरून सख्खी भावंडं वाटतात. नाव वाचायची रीत सोपी आहे. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, जी म्हणजे मालगाडी. दोन्ही इंजिनं ब्रॉडगेजवर मालगाड्या ओढण्यासाठीच बनली, त्यामुळे नाव चुकलेलं नाही. पण आतलं यंत्र पाहिलं की भावंडपण संपतं. ३ए मध्ये अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या आराखड्याचं, फोर-स्ट्रोक, ३१०० अश्वशक्तीचं यंत्र आहे. ४ मध्ये जनरल मोटर्सच्या ईएमडी शाखेचं, टू-स्ट्रोक, ४००० अश्वशक्तीचं. एकाचा सुटा भाग दुसऱ्याला बसवायचा विचारही कुणी करणार नाही. ३ए चं खरं भावंड आहे डब्ल्यूडीएम-३ए, आणि ४ चं भावंड आहे प्रवासी गाड्या ओढणारं डब्ल्यूडीपी-४.

रेल्वेवेडी मंडळी म्हणूनच आपसात बोलताना अधिकृत अक्षरांपेक्षा ‘अल्को’ आणि ‘ईएमडी’ हे दोनच शब्द जास्त वापरतात. काळा धूर ओकत धडधडत जाणारं अल्को कित्येकांना न बघता, नुसत्या आवाजावरून ओळखू येतं.

या दोन कुळांची सुरुवात एकाच वर्षी झाली. १९६२ मध्ये अमेरिकेतून दोन प्रकारची इंजिनं आली: अल्कोचं डब्ल्यूडीएम-२ आणि जनरल मोटर्सचं डब्ल्यूडीएम-४. दोन्ही ‘मिश्र’ कामाची, म्हणजे प्रवासी गाडीही ओढणार आणि मालगाडीही. अल्कोने तंत्रज्ञान द्यायची तयारी दाखवली आणि वाराणसीच्या कारखान्यात १९६४ पासून त्यांचं इंजिन बनू लागलं. डब्ल्यूडीएम-४ तिथेच थांबलं. पुढे १९६९ मध्ये अल्कोने अमेरिकेत इंजिनं बनवणंच बंद केलं, पण त्यांचं कूळ वाराणसीत वाढतच राहिलं. ईएमडीचं कूळ भारतात पुन्हा मोठ्या प्रमाणावर आलं ते १९९० च्या दशकाच्या अखेरीस, डब्ल्यूडीजी-४ च्या रूपाने.

आता यातली गंमत बघा. मध्ये एक डब्ल्यूडीएम-३ सुद्धा होतं, पण ते जर्मनीच्या हेन्शेल कंपनीचं, हायड्रॉलिक पद्धतीचं. डब्ल्यूडीएम-३ए हे त्याची सुधारित आवृत्ती असेल असं कुणालाही वाटेल. तसं मुळीच नाही. ३ए हे डब्ल्यूडीएम-२ चं अपत्य. आधी त्याला डब्ल्यूडीएम-२सी म्हणत. नंतर आकड्यांचा नियम बदलला, आकडा म्हणजे हजारातली अश्वशक्ती आणि पुढचं अक्षर म्हणजे वरचे शेकडे असं ठरलं, आणि ३१०० चं ‘३ए’ झालं. नवा नियम शक्ती सांगतो, जुना आकडा क्रम सांगत होता, आणि वंशावळ दोन्हींपैकी कोणीच सांगत नाही.

मग या इंजिनांचं खरं वर्गीकरण कुठलं? मालगाडीला आज कुठलं इंजिन लावायचं हे बघणाऱ्या कंट्रोल ऑफिससाठी ‘जी’ हे अक्षर पुरेसं आहे. लोको शेडमध्ये सुटे भाग मागवणाऱ्याला मात्र कूळच कळायला हवं. हाच वाद जीवशास्त्रात अडीचशे वर्षांहून जास्त काळ चालू आहे. तिथे कौल कुळाच्या बाजूने लागला, पण तो लागताना आणि लागल्यावरही बरीच पडझड झाली.

कार्ल लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने अठराव्या शतकात वनस्पतींची २४ वर्गांत मांडणी केली. आधार काय, तर फुलातले पुंकेसर: किती आहेत, कसे जोडलेले आहेत. पुढची पोटविभागणी करतानाही फुलाचेच भाग मोजायचे. पद्धत इतकी सुटसुटीत होती की हातात फूल असलेला कुणीही मोजून योग्य कप्प्यापर्यंत पोचू शकत होता. पण याच पद्धतीमुळे एरंड आणि पाइन एका गटात जाऊन बसले, कारण दोघांतही नर आणि मादी भाग एकाच झाडावर वेगवेगळे असतात आणि नर भागांची रचना मोजणीला सारखी दिसते. एरंडाला खरी फुलं येतात, पाइनला शंकू. ही पद्धत इंजिनावरच्या अक्षरांसारखीच आहे. ओळखायला उत्तम, नातं सांगायला निरुपयोगी. आपली ही मांडणी कृत्रिम आहे हे स्वतः लिनियसलाही मान्य होतं. नैसर्गिक मांडणी वेगळी असणार असं तो म्हणत असे. फक्त ‘नैसर्गिक’ म्हणजे नेमकं काय, हे त्याच्या काळात कुणाला नीट सांगता येत नव्हतं.

ते सांगितलं डार्विनने, १८५९ मध्ये. सजीवांमधली साम्यं गटागटांनी का येतात, याचं त्याचं उत्तर असं की ते सगळे एकमेकांचे नातेवाईक आहेत. तेव्हा खरं वर्गीकरण म्हणजे वंशावळ. त्याच्या त्या ग्रंथात एकच आकृती आहे, आणि ती फाटे फुटत जाणाऱ्या वंशांची आहे.

बोलायला सोपं, करायला अवघड. इंजिनाची वंशावळ आपल्याला कळते कारण करार आहेत, आराखडे आहेत, कारखान्याच्या नोंदी आहेत. मगर आणि चिमणी यांचा करार कुणी जपून ठेवलेला नाही. तिथे साम्यावरूनच नातं ताडायचं, आणि साम्य तर फसवतं. मग कुठल्या साम्यावर विश्वास ठेवायचा?

विली हेनिग या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने १९५० मध्ये याचं जे उत्तर दिलं त्यावर आजचं सगळं वर्गीकरण उभं आहे. त्याचं म्हणणं असं: जुनं, सगळ्यांकडे असलेलं साम्य जवळच्या नात्याबद्दल काही सांगत नाही. नंतर नव्याने आलेलं आणि मोजक्यांतच असलेलं साम्य तेवढं पुरावा धरायचं. डब्ल्यूडीजी-३ए आणि डब्ल्यूडीजी-४ दोघांनाही सहा-सहा आस आहेत. यावरून काही ठरत नाही, डब्ल्यूडीएम-२ लाही सहाच आहेत. पण अल्कोचं ते विशिष्ट यंत्र ज्या ज्या इंजिनात आहे ती एका घरची. तसंच, पाठीचा कणा आहे म्हणून बेडूक आणि सरडा जवळचे ठरत नाहीत, कणा तर माशांपासून सगळ्यांना आहे. अंगावर केस आणि पिलाला दूध ही मात्र एका शाखेत एकदाच आलेली गोष्ट, म्हणून देवमासा माशांत नाही, आपल्यात.

हेनिगने आणखी एक कडक अट घातली. गट धरायचा तर पूर्ण धरायचा: एक पूर्वज आणि त्याचे सगळे वंशज. मधलाच कुणी वगळायचा नाही. इथे परंपरेने चालत आलेले गट धडाधड कोसळले. मगरीचं सर्वांत जवळचं जिवंत नातं पक्ष्यांशी आहे, सरड्याशी नाही. म्हणजे ‘सरपटणारे प्राणी’ हा गट ठेवायचा तर त्यात कावळा-चिमणी घ्यावे लागतात. माशांचं तर विचारूच नका. फुप्फुसांनी श्वास घेणारे काही मासे आहेत. असा एक मासा, एक रोहू आणि एक गाय समोर ठेवली, तर पहिल्या माशाचं जवळचं नातं गायीशी निघतं. नात्याच्या हिशेबात ‘मासा’ हा गटच उरत नाही. तरी कोळी मासेच पकडतो आणि बाजारात मासेच मिळतात. शब्द मोडीत निघालेला नाही, तो फक्त डब्ल्यूडीजी मधल्या ‘जी’च्या रांगेत जाऊन बसलाय.

साम्य कसं फसवतं ते रुळांवरही दिसतं. मिरज जंक्शनवर एके काळी तिन्ही गेज होते. पुण्याकडून येणारा ब्रॉडगेज, बेळगावकडे जाणारा मीटरगेज आणि पंढरपूरमार्गे कुर्डुवाडीला जाणारा नॅरोगेज. तेव्हा कुणी रुळांमधलं अंतर मोजून वर्गवारी केली असती, तर पुण्याची लाइन मुंबईच्या जीआयपीच्या (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या) लाइनींबरोबर टाकली असती आणि बेळगावची वेगळी. पण पुणे-मिरज आणि मिरज-बेळगाव हे मुळात एकाच लाइनीचे दोन तुकडे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला सदर्न मराठा रेल्वेच्या अमलात ती पुण्यापासून सलग मीटरगेज होती. १९७१ पर्यंत वरचा तुकडा रुंद झाला, खालचा पुढे बरीच वर्षं तसाच राहिला. म्हणजे सख्खी भावंडं वेगळी दिसत होती आणि परकी सारखी. आज मिरजेला येणारा प्रत्येक रूळ ब्रॉडगेज आहे, कुर्डुवाडीचाही. गेजवरून आता काहीच कळत नाही, आणि कागदपत्रं हरवली असती तर तिन्ही लाइनी एकाच कंपनीने टाकल्या असं कुणीही शपथेवर सांगितलं असतं. वटवाघूळ आणि पक्षी दोघांना पंख, शार्क आणि डॉल्फिन दोघांचा आकार सारखा. गरज सारखी पडली की रूप सारखं होतं.

नावं बदलण्याच्या तक्रारीही दोन्हीकडे सारख्याच. सोलापूर विभाग जीआयपीचा. ५ नोव्हेंबर १९५१ ला जीआयपी, निजाम स्टेट रेल्वे आणि शिंदे व धोलपूर संस्थानांच्या रेल्वे मिळून मध्य रेल्वे झाली, तेव्हा सोलापूर मध्य रेल्वेत. २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वे निघाली, सोलापूर तिकडे. २ ऑक्टोबर १९७७ ला परत मध्य रेल्वेत. या सगळ्यात सोलापूरचा एक स्लीपरही जागचा हलला नाही, आणि त्याच्या इतिहासाबद्दल नवं काही उजेडातही आलं नाही. सोय बदलली, पत्ता बदलला.

बाभळीचंही नाव असंच बदललं, पण कारण निराळं आहे. जुन्या पुस्तकांत बाभूळ म्हणजे अकेशिया निलोटिका. बाभूळ, हिवर, खैर सगळे अकेशिया, आणि ऑस्ट्रेलियातल्या सुमारे हजार जातीही अकेशिया. डीएनए तपासल्यावर दिसलं की हा एक वंश नाहीच, दुरून सारख्या दिसणाऱ्या वेगवेगळ्या शाखा आहेत. फोड करणं भाग होतं. मग जुनं नाव कुणाकडे राहणार? नियम असा की ज्या जातीवरून मूळ नाव बांधलं गेलं तिच्या शाखेकडे. आणि ती जात होती आपली बाभूळच. पण तसं केलं तर ऑस्ट्रेलियातल्या हजारभर जातींची नावं बदलावी लागणार. २००५ मध्ये व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत नावाचा आधार उचलून एका ऑस्ट्रेलियन जातीवर ठेवण्यात आला. आफ्रिकेतल्या बऱ्याच जणांना ते अजिबात रुचलं नाही. २०११ मध्ये मेलबर्नला हा निर्णय कायम झाला. आता बाभूळ आणि हिवर व्हॅचेलियात आहेत, खैर सेनेगॅलियात, आणि रस्त्याकडेला लावलेली ‘ऑस्ट्रेलियन बाभूळ’ तेवढी अकेशिया राहिली आहे. इथे दोन गोष्टी वेगळ्या करून पाहायला हव्यात. हे वंश वेगळे आहेत हे शोधून कळलं, त्यावर मतदान होऊ शकत नाही. नाव कुणाला द्यायचं हे मात्र माणसांनीच ठरवलं, सोलापूरसारखं. वर्गीकरणावर चिडणारे लोक बहुतेक वेळा दुसऱ्या गोष्टीवर चिडून पहिलीला शिव्या देतात.

याखाली एक खोल प्रश्न आहे, आणि मला तो या सगळ्यातला सर्वांत रंजक वाटतो. जीवजात ही नेमकी कशा प्रकारची चीज आहे?

पाणी घ्या. विश्वात कुठेही दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असे जुळले की ते पाणी. ते कुठून आलं हे विचारायची गरज नाही. नॅरोगेजही तसाच. ७६२ मिलिमीटर अंतरावर दोन रूळ टाका, जगात कुठेही, कुणीही, कधीही, तो नॅरोगेज झाला. पण ‘बार्शी लाइट रेल्वे’ हे तसं नाही. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची ही कंपनी. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली, १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. १ जानेवारी १९५४ ला सरकारने ती ताब्यात घेतली. उद्या कुणी दुसरीकडे हुबेहूब तसेच रूळ, तसेच डबे, तशीच इंजिनं उभी केली, तर ती बार्शी लाइट रेल्वे होईल का? नाही, ती प्रतिकृती होईल. बार्शी लाइट रेल्वे ठरते ती तिच्या इतिहासाने. तिला जन्म आहे, जागा आहे, अंत आहे. कुर्डुवाडी हे तिचं उदाहरण नाही, तिचा भाग आहे.

जीवशास्त्रज्ञ मायकल गिसेलिन यांनी १९७४ मध्ये आणि नंतर तत्त्वज्ञ डेव्हिड हल यांनी असाच युक्तिवाद जीवजातींबद्दल केला. वाघ ही जात पाण्यासारखी नाही. दुसऱ्या ग्रहावर पट्टेरी, मांसाहारी, थेट वाघासारखा प्राणी सापडला तरी तो वाघ नव्हे, कारण तो या वंशातून आलेला नाही. उलट पट्टे नसलेला पांढराफटक वाघ जन्मला तरी तो वाघच. प्रत्येक वाघ हे ‘वाघपणा’चं एक उदाहरण नसून, काळात लांबवर पसरलेल्या एका गोष्टीचा एक तुकडा आहे. आणि ती गोष्ट संपली की संपली. पुढे अगदी तसाच प्राणी उत्क्रांत झाला तरी तो नवा धरायचा. सगळ्या तत्त्वज्ञांना हे पटलेलं नाही. काहींचं म्हणणं, जीवजात हा प्रकारच असतो, फक्त त्यातली लक्षणं कार्यकारणाने एकत्र बांधलेली असतात आणि एखाददुसरं सुटलं तरी चालतं. मला हलची बाजू अधिक पटते. रेल्वेचा इतिहास वाचणाऱ्याला ती पटणं बहुधा सोपं जातं.

आता वंशावळीच्या बाजूची अडचण. वृक्षाच्या फांद्या फुटतात, पुन्हा जुळत नाहीत. रेल्वे कंपन्या मात्र सतत जुळतात. १९०८ मध्ये सदर्न मराठा आणि मद्रास रेल्वे एक झाल्या. १९५१ च्या फेररचनेत तर संबंध देशातल्या कंपन्यांची मोट बांधली गेली. २००३ मध्ये दक्षिण पश्चिम रेल्वे सुरू झाली, आणि मिरजेच्या एका बाजूचा सदर्न मराठाचा वारसा आज मध्य रेल्वेत, दुसऱ्या बाजूचा तिच्यात. याचा वृक्ष काढायला बसलात तर कागदावर जाळं होईल.

सजीवांतही जाळं आहे, आपण समजत होतो त्याहून बरंच जास्त. आपण खातो तो गहू तीन वेगवेगळ्या गवतांच्या संकरातून आला, आणि तिघांचे गुणसूत्रांचे संच आजही त्यात आहेत. जिवाणू तर शेजाऱ्याकडून जनुकं सरळ उचलतात, आईबापांचा संबंध नाही. प्रतिजैविकांना दाद न देण्याची क्षमता अशीच एका जातीतून भलत्याच जातीत जाते. रेल्वेत हे रूळ न जोडता कल्पना पोचण्यासारखं आहे. कॅल्थ्रॉपने बार्शीला वापरलेला गेज आणि विचार १९०४ मध्ये इंग्लंडमधल्या लीक अँड मॅनिफोल्ड या छोट्या रेल्वेत उतरला. दोघांचा मालक एक नाही, रूळ एक नाहीत, तरी एक धागा इकडून तिकडे गेला.

सर्वांत मोठं विलीनीकरण तर आपल्या प्रत्येक पेशीत आहे. पेशीला ऊर्जा पुरवणारी मायटोकाँड्रिया ही कधीकाळी स्वतंत्र जिवाणू होती. दुसऱ्या पेशीच्या आत गेली आणि तिथेच राहिली. जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये हे नेटाने मांडलं तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नव्हतं. पुरावा ठरला तो मायटोकाँड्रियाचा स्वतःचा वेगळा डीएनए, जिवाणूंसारखाच. बार्शी लाइनही मध्य रेल्वेच्या पोटात गेल्यावर कित्येक दशकं आपला वेगळा गेज बाळगून होती. साम्य इथपर्यंतच. कंपन्या सही करून विलीन होतात, पेशीत सही कुणी केली नव्हती. शिवाय एक डब्ल्यूडीएम-२ वर्कशॉपमध्ये जाऊन डब्ल्यूडीएम-३ए होऊन बाहेर येऊ शकतं, आणि तशी कित्येक आलीही. एक जिवंत बिबळ्या मात्र कुठल्याही वर्कशॉपातून वाघ होऊन येत नाही. वंश पुढे जातो, व्यक्ती जात बदलत नाही.

जीवजात कशाला म्हणायचं, यावर म्हणून आजही एकमत नाही. जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांची १९४२ ची व्याख्या सर्वांत प्रसिद्ध: आपसात प्रजनन करणारा आणि इतरांपासून प्रजननाने तुटलेला समूह. पक्ष्यांना ती छान लागू पडते. प्रजननाला जोडीदारच न लागणाऱ्या जिवाणूंना ती लावणार कशी? जीवाश्मांवर ती तपासणार कोण? काही तत्त्वज्ञ सरळ म्हणतात की एकच व्याख्या हवी हा हट्ट सोडा. कंट्रोल ऑफिसची यादी वेगळी, शेडची वेगळी, दोन्ही खऱ्या वस्तुस्थितीवरच बेतलेल्या. हे मला अर्धंच पटतं, कारण एकदा निर्णय कागदावर उतरवायची वेळ आली की यादी एकच निवडावी लागते.

आफ्रिकी हत्तीचं उदाहरण ताजं आहे. धोक्यातल्या जातींची जागतिक लाल यादी करणारी आययूसीएन ही संस्था आफ्रिकेतले सगळे हत्ती बरीच वर्षं एकच जात धरत होती, आणि शेरा होता ‘असुरक्षित’, म्हणजे धोक्याच्या तीन पायऱ्यांतली सर्वांत सौम्य. जनुकीय पुराव्यांवरून जंगलातला हत्ती आणि गवताळ प्रदेशातला हत्ती या दोन जाती आहेत असं मानून मार्च २०२१ मध्ये त्यांचं पहिल्यांदा वेगवेगळं मोजमाप जाहीर झालं. गवताळ प्रदेशातला हत्ती ५० वर्षांत किमान ६० टक्क्यांनी घटलेला, म्हणून ‘धोक्यात’. जंगलातला ३१ वर्षांत ८६ टक्क्यांहून जास्त घटलेला, म्हणून ‘अतिशय धोक्यात’. एका नावाखाली होते तोवर जंगलातल्या हत्तीची ही अवस्था सरासरीत दडून राहिली होती.